आधी वही, मग अर्ज : इंदूरमध्ये वस्तीचं काम कसं उभं राहतं

इंदूरमध्ये रहवासी संघांचे अध्यक्ष आहेत, गणेश मंडळांचे कार्यवाह आहेत, समाजाच्या संस्थांचे पदाधिकारी आहेत. तरी सकाळी नळाला गढूळ पाणी आलं की गल्लीतले लोक ज्या दारात जातात, ते दार बरेचदा वेगळंच असतं. तिथे एखाद्या निवृत्त बाई राहतात, नाहीतर आंगणवाडीच्या ताई, नाहीतर कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. कोणत्या घरात कोण राहतं आणि कोणत्या कामासाठी कुठे जायचं, या दोन गोष्टी त्यांना पक्क्या ठाऊक असतात. लोकसंपर्क, सर्वसमावेशकता, नागरी सहभाग हे मोठे शब्द प्रत्यक्षात याच दोन गोष्टींवर चालतात. हे काम कसं करायचं, कुठे फसतं आणि का फसतं, ते इथे उलगडून सांगायचं आहे.

इंदूर महापालिकेचे ८५ वॉर्ड आहेत. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती. म्हणजे एका वॉर्डात सरासरी २३ हजार माणसं, आणि त्यानंतर शहर वाढलेलंच आहे. एवढी माणसं कुणा एकाच्या आवाक्यात येत नाहीत, पार्षदाच्याही (नगरसेवकाच्याही) नाहीत. म्हणून सुरुवात तीस-चाळीस घरांपासून करावी. ही घरं कॉलनीच्या नावावरून निवडू नयेत, एका पाण्याच्या लाइनवरची किंवा एका ड्रेनेज लाइनवरची निवडावीत. अडचणी पाइपातून येतात. सुदामा नगरची एक गल्ली कोरडी असते तेव्हा मागच्याच गल्लीत पाणी व्यवस्थित येत असतं. ज्यांचा व्हॉल्व्ह एक, त्यांचं दुखणं एक. ती माणसं लवकर एकत्र येतात.

वही

दोनशे पानी साधी वही घ्या. एका घराला एक पान. घराचा क्रमांक आणि मजला, राहणाऱ्यांची नावं, प्रत्येकाच्या ओळखपत्रावर नाव जसं लिहिलंय तसं, मालक की भाडेकरू, मतदार यादीत कोणाचं नाव आहे आणि कोणाचं नाही, जिना न उतरू शकणारं कोणी आहे का, नळ कधी येतो आणि किती वेळ, आणि शेवटी त्या घरातलं कोणी काय करू शकतं: अर्ज लिहिणं, संगणक, गाडी चालवणं, दुपारी मोकळा वेळ. हा शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात. मग सगळं काम दोघांवर पडतं आणि वर्षभरात दोघं थकतात.

घरातल्या कर्त्या पुरुषाला दारात उभं करून भरलेली वही अर्धीच भरते. तो सुनेचं नाव सासरचं सांगतो, कागदावर माहेरचं असतं. वरच्या मजल्यावरच्या आजींबद्दल तो "त्यांचं सगळं ठीक आहे" एवढंच म्हणतो. गच्चीवरच्या खोलीतल्या मुलांना तो त्या घरातलं धरतच नाही. म्हणून एका घराला दोन वेगळ्या वेळी जावं, एकदा सकाळी अकराच्या सुमारास आणि एकदा रात्री आठनंतर, आणि दोघांनी मिळून जावं, त्यांतली एक बाई असावी. प्रश्न थेट त्या माणसालाच विचारावा.

"आजी, मतदार यादीत नाव आहे ना तुमचं?"

"मुलगा बघतो रे सगळं."

मुलगा पुण्यात नोकरीला. यादीत आजींचं नाव जुन्या पत्त्यावर, आणि तो वाडा पाडून सात वर्षं झालेली. इंदूरच्या मराठी घरांत ही गोष्ट फार सापडते. राजवाड्याभोवतीचे, रामबागेतले, नारायण बागेतले वाडे गेले, माणसं लोकमान्य नगर, टिळक नगर, वैशाली नगराकडे किंवा त्याहून लांब सरकली, कागद मात्र मागेच राहिले.

कोण सुटतं, हे ठरलेलं असतं: भाडेकरू, खासगी वसतिगृहातली मुलं-मुली, बांधकामावरच्या चौकीदाराचं कुटुंब, शेजारच्या बस्तीतून भांड्या-पोछ्याला येणाऱ्या बाया, अंथरुणाला खिळलेली माणसं, तृतीयपंथी. आपल्या मराठी संस्थांपुरतं बोलायचं तर आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. २०११च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा असलेले १२ लाखांहून जास्त लोक होते. होळकरांच्या काळात आलेली घराणी त्यांत आहेत, कारागीर आहेत, धनगर आहेत, आणि दर १४ एप्रिलला महूच्या जन्मभूमीवर जाणारी बौद्ध कुटुंबंही आहेत. सभागृहातल्या कार्यक्रमाला यांतले ठरावीकच चेहरे दिसतात. "आम्ही सगळ्यांना बोलावलं होतं, ते आले नाहीत" हे वाक्य तिथे ऐकू येतं. निमंत्रण कुठल्या व्हॉट्सअॅप समूहावर गेलं, जागा कुणाची होती, व्यासपीठावर कोण होतं, हे तपासलं की न येण्याचं कारण सापडतं.

वहीत आधार क्रमांक लिहू नयेत आणि झेरॉक्स गोळा करू नयेत. ज्याचा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवरून भरावा किंवा स्वतःसमोर भरून घ्यावा. दुसऱ्याची कागदपत्रं फोनमध्ये साठवली की एक ना एक दिवस ती भलत्या हातात जातात. आणि त्या घरी पुन्हा जायला तोंड राहत नाही.

नावातली गडबड

मराठी नाव हिंदी अर्जात गेलं की बिघडतं. 'काळे' ऐकून ऑपरेटर 'काले' टंकतो, 'गोखले' ठीक येतं पण 'गोळे'चं 'गोले' होतं. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असे तीन भाग असतात. इथल्या बऱ्याच अर्जांत दोनच मावतात. लग्नानंतर बाईचं पहिलं नावही बदललेलं असेल तर एकाच माणसाचे कागद तीन माणसांचे वाटतात.

हे नुसतं चिडण्यापुरतं नसतं. मध्य प्रदेशात समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, लागतोच: कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. पेन्शन, रेशन, शाळेतला प्रवेश, शिष्यवृत्ती, सगळं त्याला जोडलेलं. समग्रमधलं नाव, जन्मतारीख किंवा लिंग आधारशी जुळलं नाही की ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी) अडकते आणि पेन्शन थांबते. थांबल्याचं कळतं दोन-तीन महिन्यांनी, कारण आजी बँकेत तेवढ्याच दिवसांनी जातात. म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा: आधी आधार पक्कं करायचं, मग समग्र, मग बँक, मग मतदार यादी. उलट क्रमाने गेलं तर एक दुरुस्ती दुसरीला खोडते. प्रत्येक घरासाठी एका कागदावर चारही ठिकाणची स्पेलिंगं शेजारी शेजारी लिहून ठेवा. चूक डोळ्यांनी दिसते, समजावून सांगावी लागत नाही.

उत्पन्न, मूळ निवासी अशा दाखल्यांसाठी लोकसेवा केंद्रात जायचं. मध्य प्रदेशाने २०१०मध्ये लोकसेवा हमी कायदा केला, देशात सगळ्यांत आधी. त्यात प्रत्येक सेवेला मुदत आहे आणि उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण ही मुदत अर्जाच्या पावतीपासून मोजतात. अर्ज तोंडी दिला, ओळखीच्या बाबूच्या टेबलावर ठेवला, तर मुदत सुरूच होत नाही. पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

सभा कशी भरवायची

रविवारी सकाळी अकरा ही वेळ नोकरदारांना सोयीची. घरकामाच्या बायांची ती सगळ्यांत धावपळीची वेळ, कारण रविवारी घरोघरी पाहुणे. रात्री साडेआठ ते पावणेदहा ही वेळ बऱ्याच वस्त्यांत चालते. जागा तळमजल्यावरची हवी. मंगल कार्यालयाचा पहिला मजला फुकट मिळतो म्हणून घेतला की गुडघेदुखीवाले आणि चाकाच्या खुर्चीवाले घरीच राहतात. उतार करायचा असेल तर प्रमाण १ ला १२: दर पायरी १५ सेंटीमीटर धरली तर तीन पायऱ्यांना ४५ सेंटीमीटर चढ, आणि त्याला ५ मीटर ४० सेंटीमीटर लांबीचा उतार. दीड मीटरची फळी टाकून 'रॅम्प केला' असं होत नाही; त्यावरून खुर्ची मागे उलटते. देवळाचा सभामंडप काहींना आपला वाटतो आणि काहींना अजिबात नाही. सरकारी शाळेचा वर्ग त्यापेक्षा बरा.

विषय तीनच ठेवा. त्यांतला एक असा हवा की पंधरा दिवसांत सुटेल: बंद पडलेला दिवा, तुटलेलं चेंबरचं झाकण. पहिल्याच बैठकीत पूर्ण रस्ता सिमेंटचा करायचा विषय घेतला की दोन वर्षं काहीच होत नाही आणि चौथ्या बैठकीला सतरंजी मोकळी राहते. आधी बायकांना बोलू द्यावं, मग भाडेकरूंना, पदाधिकाऱ्यांनी शेवटी. हे सुरुवातीलाच जाहीर करावं, नाहीतर पहिली वीस मिनिटं एकच ज्येष्ठ नागरिक प्रास्ताविक करतात. लाइनीवर चार मराठी घरं आणि बाकी हिंदी, सिंधी, माळवी बोलणारी असतील तर सभा हिंदीतच घ्यावी आणि ज्यांना हवं त्यांना मराठीत सांगावं. मराठी माणसाने वस्तीचं काम फक्त मराठी माणसांसाठी केलं तर पाइप दुरुस्त होत नाही. पाइप सगळ्यांच्या घराखालून जातो.

लोकांना सामील कसं करून घ्यायचं, याचा इंदूरमधला एक नमुना शंभर वर्षांपूर्वीचा आहे. स्कॉटलंडचा नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारच्या कामासाठी इथे आला होता; त्याचा इंदूरवरचा अहवाल १९१८चा. शहरात तेव्हा प्लेग होता. गेडिसने दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की ज्या रस्त्यांवरच्या लोकांनी आपली घरं-अंगणं सगळ्यांत चांगली झाडून, दुरुस्त करून ठेवली असतील, त्याच रस्त्यांवरून मिरवणूक जाईल. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिकृती होती, आणि रोज कचरा उचलणारे सफाई कामगार आपल्या गाड्यांसह हार घालून चालत होते. भाषणाने हे झालं नसतं. प्रत्येक घराला स्वतःच्या दारात करण्याजोगं काम होतं, त्याला तारीख होती, आणि ज्यांना कोणी रांगेत उभं करत नव्हतं ते मिरवणुकीत मानाने चालले. आज २०१७पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या इंदूरने घरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करायची सवय लावली, तीही अशीच दारोदार: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा.

गढूळ पाणी : एक तक्रार शेवटपर्यंत

इंदूरचं पाणी मुख्यतः नर्मदेचं. ते आणण्यासाठी १९७०मध्ये शहराने मोठं आंदोलन केलं होतं. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून ते उचलून आणावं लागतं, म्हणून बऱ्याच भागांत एक दिवसाआड आणि थोडाच वेळ येतं. नळ बंद असताना पाइप रिकामा असतो, आत दाब नसतो. जवळून जाणारी ड्रेनेज लाइन फुटलेली किंवा तुंबलेली असेल आणि पाण्याच्या पाइपाला बारीक भोक असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. पुन्हा पाणी सोडलं की पहिली पाच-दहा मिनिटं तीच घाण नळाला येते. जो थेट नळाला मोटर लावतो, तो हा ओढा आणखी वाढवतो. शेजाऱ्याला त्रास होऊ नये एवढ्यासाठीच नव्हे, स्वतःच्या पोटासाठीही मोटर टाकीतून लावावी.

अशी तक्रार आली की पहिल्या दिवशी वही उघडायची. कोणत्या घरात गढूळ, कोणत्या घरात वास, कोणत्या घरात स्वच्छ, आणि नळ आल्यावर किती मिनिटांनी साफ होतं, हे घराच्या क्रमांकासमोर लिहायचं. मग कागदावर गल्लीची रेघ काढून खुणा करायच्या. बिघाड बहुतेक वेळा शेवटचं स्वच्छ घर आणि पहिलं घाण घर यांच्या मधल्या पट्ट्यात असतो. हा कागद हातात असला तर खोदकाम दहा फुटांत आटोपू शकतं. नसला तर अर्धी गल्ली खणली जाते आणि गळती तशीच राहते.

सोबत दोन स्वस्त चाचण्या. क्लोरीनची: पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असावं. दुसरी एच-टू-एस बाटलीची, म्हणजे मैल्यातले जंतू ओळखणाऱ्या तयार बाटलीची: खुणेपर्यंत पाणी भरून २४ ते ४८ तास घरातच ठेवायची, काळं झालं तर मैला मिसळल्याची दाट शक्यता. बाटली नळ सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात भरलेली एक आणि पंधरा मिनिटांनी भरलेली एक अशी ठेवा. बाटलीच्या तोंडाला बोट लागलं तरी निकाल बिघडतो, म्हणून हात धुऊनच. हा प्रयोगशाळेचा पुरावा नव्हे, पण अधिकाऱ्याला नमुना घ्यायला लावण्यापुरता पुरतो. निकाल येईपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घरी पाणी उकळून प्यायला सांगायचं, आणि जिथे तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस आहे तिथे स्वतः जाऊन सांगायचं.

आता तक्रार. आधी महापालिकेच्या ३११ अॅपवर, फोटो आणि नेमकी जागा टाकून, आणि त्याच दिवशी झोन कार्यालयात लेखी. लेखी अर्जाची दुसरी प्रत शिक्का मारून परत घ्यायची. दोन-तीन दिवसांत हालचाल नसेल तर १८१, मुख्यमंत्री हेल्पलाइन. तिथे तक्रार चार पातळ्यांवर चढते, एल-१ ते एल-४. खालचा अधिकारी मुदतीत निकाली काढत नाही तर ती आपोआप वरच्याकडे जाते. त्यावरही नाही झालं तर मंगळवारी कलेक्टर कार्यालयातली जनसुनवाई, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी समोरासमोर ऐकण्याची बैठक.

१८१वर लोक नेमके कुठे हरतात? तक्रार दिल्यावर काही दिवसांनी फोन येतो: "काम होऊन जाईल, तक्रार बंद करून टाका ना." माणूस भिडेखातर हो म्हणतो. तक्रार समाधानाने बंद झाल्याची नोंद होते, गढूळ पाणी येतच राहतं, आणि नवी तक्रार पुन्हा एल-१पासून सुरू होते. घरोघरी सांगून ठेवा: फोनवरचे भाऊ कितीही गोड बोलले तरी स्वतःच्या नळाला सलग दोन पाळ्या स्वच्छ पाणी आल्याशिवाय 'हो' म्हणायचं नाही. दुसरी चूक, एकाच तक्रारीत पाणी, दिवा, कुत्री आणि शेजाऱ्याचं अतिक्रमण कोंबणं. एका तक्रारीत एक विषय, एक जागा. तिसरी, चाळीस सह्यांचा एकच अर्ज. सहा घरांनी सहा वेगळ्या तक्रारी दिल्या, प्रत्येकीत तोच नकाशा जोडला, तर सहा क्रमांक तयार होतात आणि एखाद्याने घाबरून माघार घेतली तरी पाच उरतात. क्रमांक त्या घराच्या पानावर तारखेसह लिहा.

ड्रेनेज तुंबलं म्हणून घाईघाईत खासगी माणूस बोलावून त्याला चेंबरमध्ये उतरवणं, हा गुन्हा आहे. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे. आत साचलेल्या वायूने माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही जातो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. "पाचशे रुपयांत करून देतो म्हणाला" हे ऐकलं की तिथल्या तिथे थांबवायचं आणि महापालिकेची मशीन येईपर्यंत लाइनीवरच्या सगळ्या घरांनी पाण्याचा वापर कमी करायचा. सर्वसमावेशकतेची गोष्ट करणाऱ्या वस्तीत याबाबतीत तडजोड नको.

माहितीचा अधिकार, थोडक्यात

रस्ता मंजूर झाला, पैसे निघाले, रस्ता दिसत नाही, अशा वेळी. शुल्क १० रुपये, गरिबी रेषेखालच्यांना माफ, उत्तर ३० दिवसांत. 'रस्ता का झाला नाही' असं विचारू नये. कायदा नोंदी देतो, खुलासे देत नाही. कार्यादेश, अंदाजपत्रक, माप पुस्तिकेची पानं आणि देयकं मागावीत. त्याच कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, तो फार थोडे वापरतात. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. ही तारीख चुकली की सगळं मुसळ केरात, म्हणून अर्ज टाकतानाच वहीत अपिलाची तारीख लिहावी.

भाषेबद्दल एक गोष्ट. गाऱ्हाणं मांडण्यासाठी केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५०ने प्रत्येकाला दिला आहे. मराठीतून अर्ज देणाऱ्या आजोबांना "ये नहीं चलेगा" म्हणता येत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा लागतो, म्हणजे इथे हिंदी. बाकी ठिकाणी व्यवहारात वरती मराठी आणि खाली हिंदी सारांश असा अर्ज सोपा जातो.

मतदार यादी

हे काम निवडणुकीआधी महिनाभर करायचं नसतं. अर्हतेच्या, म्हणजे १८ वर्षं पूर्ण झाली का हे पाहायच्या, तारखा वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ वर्षं पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदल आणि दुरुस्तीला नमुना ८, वगळण्याला किंवा हरकतीला नमुना ७. आपल्या भागाच्या बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) नाव वहीच्या पहिल्याच पानावर हवं.

फसगत होते ती अशी. विधानसभा-लोकसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची. महापालिकेची यादी राज्य निवडणूक आयोग वॉर्डनिहाय तयार करतो. लोकसभेला मत दिलं म्हणून महापालिकेला नाव असेलच असं नाही. एका घरातल्या नवरा-बायकोंची नावं दोन वॉर्डांत गेलेली असतात. इंदूर महापालिकेचं मतदान जुलै २०२२मध्ये झालं, त्याआधीच्या परिषदेची मुदत २०२०मध्येच संपली होती. पाच वर्षांच्या हिशेबाने पुढची निवडणूक २०२७ची. प्रारूप यादी लागते तेव्हा दावे-हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात. त्या दिवसांत रोज संध्याकाळी दोन तास टेबल मांडून वहीतलं एकेक पान यादीशी ताडून पाहायचं. स्थलांतरित म्हणून नाव उडालेली माणसं बहुधा भाडेकरू असतात आणि माहेरचं-सासरचं नाव असलेल्या बाया.

८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असणाऱ्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मतदान करता येतं. त्यासाठी नमुना १२-डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. पाचच दिवस. म्हणून कोणाकोणाला लागणार ती यादी आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र आधीच तयार हवं.

पार्षद, अंदाजपत्रक आणि पक्ष

मध्य प्रदेशात नगरीय संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. पार्षद बाई असतील तर अर्ज त्यांच्याच नावाने, भेट त्यांच्याशीच. फोन त्यांच्या यजमानांनी उचलला तरी "ताईंशी बोलायचं आहे" असं शांतपणे सांगावं. पाच-सहा वेळा सगळ्यांनी असंच केलं की ताई फोनवर येतात. महापालिकेचं अंदाजपत्रक मार्च-एप्रिलच्या सुमारास मांडलं जातं, त्यामुळे मोठं काम हवं असेल तर डिसेंबर-जानेवारीत लेखी मागणी पोहोचायला हवी: कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत, किती मीटर, किती घरांना उपयोग, आत्ताच्या स्थितीचे फोटो. 'आमच्या भागाचा विकास करावा' या वाक्याला कोणी इंजिनिअर अंदाजपत्रक लावू शकत नाही.

वस्तीचं काम करणाऱ्याला कधी ना कधी तिकिटाचं बोलावणं येतं. लढावंसं वाटलं तर जरूर लढावं. पण त्याआधी बैठकीत उघड सांगावं आणि वही दुसऱ्याकडे सोपवावी. त्या वहीत लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे, ती प्रचाराला वापरायला दिलेली नव्हती. एका पक्षाचं पत्रक त्या वहीच्या आधाराने वाटलं गेलं की दुसऱ्या पक्षाची घरं दार उघडत नाहीत, आणि नेमकी त्याच घरांतली आजी पुढच्या वेळी यादीतून सुटते.

पैशाचं वेगळं सांगायला हवं. सुरुवातीला वर्गणी घेऊच नये. झेरॉक्स, बाटल्या, वही यांचा खर्च दोन-तीन घरांत वाटून भागतो. रक्कम वाढू लागली तर मध्य प्रदेश सोसायटी नोंदणी कायदा, १९७३ खाली संस्था नोंदवता येते, त्यासाठी किमान सात सभासद लागतात. तोपर्यंत छापील पावती पुस्तक, दोघांच्या सहीने खर्च, आणि दर बैठकीच्या शेवटी जमा-खर्च मोठ्याने वाचणं एवढं पाळावं. उत्सवाची वर्गणी आणि या कामाचे पैसे कधीही एका डब्यात ठेवू नयेत.

दोन वर्षांनी वही पुढच्या माणसाकडे जावी. देताना तीन महिने दोघांनी मिळून काम करावं: झोन कार्यालयातला कोणता बाबू कोणत्या खिडकीवर बसतो, सफाईचा दरोगा (मुकादम) किती वाजता येतो, व्हॉल्व्ह उघडणारा भैया कोणत्या बाजूने सुरुवात करतो, हे कागदावर येत नाही, बरोबर फिरूनच कळतं. जाणाऱ्याने जुन्या तक्रारींची क्रमांकवार यादी करून, कोणती सुरू आहे, कोणत्या अपिलाची तारीख जवळ आहे हे लाल शाईने लिहून द्यावं, आणि निदान पहिल्या मंगळवारी जनसुनवाईला नव्या माणसाबरोबर रांगेत उभं राहावं.